हा मोबाइल कोणाचा?

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात एका इतिहास-शिक्षिकेने केलेले भाषण. मुली व त्यांच्या आया ओळखू येऊ नयेत म्हणून शाळेचा आणि व्यक्तींचा नावानिशी उल्लेख टाळला आहे.)



मी काही विदुषी नाही. भोसरीहून चाकणकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका मराठी शाळेत मी नववी-दहावीला इतिहास शिकवते. तुम्ही मला विषय दिलात, ‘मुलांचेच मोबाइल वर्गात वापरून इतिहास कसा शिकवावा’. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय आता नेहमी असतो. तिथे सांगतात की शाळेकडे संगणकासाठी पैसे नसले तरी बिघडत नाही, मोबाइल मुलांकडे आहेतच, ते आणायला सांगा. मीही तसंच केलं. त्यातून काय काय झालं ते तुम्हाला सांगते. चुकलेलंही सांगते, कारण शिकायला मिळालं ते तिथेच.

आधी आमचा वर्ग कसा आहे ते सांगायला हवं. वर्गात दोन तऱ्हेची मुलं आहेत. काही इथल्याच गावांतली. त्यांच्या जमिनी एम.आय.डी.सी.त गेल्या, उरलेल्या तुकड्यावर घरच्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या. दुसरी त्या खोल्यांत राहणारी. आईबाप मराठवाड्यातून, विदर्भातून, सोलापूरकडून, काही थेट बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले. बाप कंपनीत कंत्राटी, आई धुण्याभांड्याला किंवा सुट्या भागांच्या छोट्या वर्कशॉपात. घरमालकाची मुलगी आणि भाडेकरूची मुलगी एका बाकावर बसतात.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाइलवर गेले. तेव्हा ज्या मुली दिसेनाशा झाल्या त्यांतल्या काही पुन्हा आल्याच नाहीत. त्यामुळे मोबाइल घरोघरी पोचला आहे यावर माझा पुरता विश्वास नव्हता. तरी एका शनिवारी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि वर्गात सांगितलं, “ज्यांच्याकडे मोबाइल आहे त्यांनी सोमवारी घेऊन या.”

सोमवारी एकोणीस मोबाइल आले. त्यातले मुलींच्या हातात होते तीन.

मी त्या दिवशीचा धडा बाजूला ठेवला आणि फळ्यावर लिहिलं, ‘हा मोबाइल कोणाचा?’ सगळ्यांनी वहीत उत्तर लिहायचं. मोबाइल आणला नसेल त्यांनी तो कोणाकडे आहे आणि आपल्याला कधी मिळतो ते लिहायचं. मुलांनी लिहिलं, ‘माझा’, ‘माझा, दहावीसाठी घेतला’. मुलींची उत्तरं लांबलचक होती. ‘पप्पांचा आहे, ते सेकंड शिफ्टला असले की सकाळी मिळतो.’ ‘दादाचा आहे, तो समोर बसलेला असेल तरच बघू देतो.’ ‘मम्मीचा आहे, पण कंपनीच्या गेटवर जमा करावा लागतो, ती रात्री आठला येते.’ एकीनं एवढंच लिहिलं होतं, ‘माझा होता. आता नाही.’

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत २०२३ साली ग्रामीण भागातल्या चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींना हेच विचारलं होतं. जवळजवळ नव्वद टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असणारी मुलं होती सुमारे ४४ टक्के आणि मुली २० टक्के. म्हणजे घरात वस्तू आली याचा अर्थ ती घरातल्या बाईला मिळाली असा होत नाही. हे आपल्याला नवीन आहे का? सायकल, रेडिओ, घराचा कागद, जमिनीचा तुकडा, सगळ्यांची हीच गोष्ट आहे. त्या तासाला आम्ही ती यादी फळ्यावर केली. प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने केले, घरात कधी आली आणि घरातल्या बाईच्या नावावर कधी झाली. पुष्कळ ठिकाणी दुसरा रकाना कोराच राहिला. मोबाइल सुरूही न करता त्याच्यावरून शिकवलेला हा माझा पहिला इतिहासाचा तास.

मग पद्धत ठरवली. चौघा-पाच जणांचा एक गट, गटाला एकच मोबाइल. मोबाइल कोणीही आणो, काम सुरू झालं की तो मुलीच्या हातात राहील. ज्या गटाला मोबाइल नाही त्यानं वही-पेन घ्यायचं, गुण सारखेच. पहिल्या आठवड्यात मुलांनी कुरकूर केली. एक जण म्हणाला, “बाई, हिला रेकॉर्डिंग कुठून चालू करायचं तेच कळत नाही.” मी म्हटलं, “तुला कोणी शिकवलं?” म्हणाला, “माझं मीच शिकलो.” मी म्हटलं, “मग तिलाही तेवढाच वेळ हातात दे.”

नववीच्या पुस्तकात इतिहासाच्या साधनांत दृक्-श्राव्य साधनं होती. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात तर स्त्रीवादी इतिहासलेखनाचा भाग आला. ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, शर्मिला रेगे ही नावं त्यात आली. आपल्या चळवळीनं इतकी वर्षं धरलेला आग्रह शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचला, याचा मला आनंद झाला. पण मुली ती नावं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. मला वाटलं, या भागाचा इतिहास आधी घरातून सुरू करू.

पिंपरी-चिंचवडचा इतिहास सांगायची एक ठरलेली रीत आहे. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ मध्ये एम.आय.डी.सी. आली, मग मोटारींचे कारखाने, १९८२ मध्ये महानगरपालिका, मग चाकण. यात खोटं काही नाही. फक्त एकही बाई नाही. म्हणून आम्ही पाच प्रश्न काढले आणि आई, आजी किंवा शेजारची मावशी यांना विचारायचे ठरवले. तू इथे कधी आलीस? कशामुळे आलीस? पहिलं काम कोणतं केलंस? पहिल्या पगाराचं काय केलंस? पाणी कुठून आणत होतीस?

पहिल्याच दिवशी बऱ्याच घरांतून निरोप आला, “तिला काय विचारता? तिला काय माहीत? पप्पांना विचारा.” आणि बायकाही तेच म्हणाल्या, “माझं काय सांगण्यासारखं आहे गं?” पण पोरीनं मोबाइल समोर ठेवला, “आई, शाळेचं आहे, गुण मिळणारेत,” म्हटलं की बाई बोलायला लागायची. गुणांसाठी आपल्याकडच्या आया काहीही करतात.

काय काय निघालं त्यातून! एक आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत फोडत इकडे आलेली. तिला साल आठवत नव्हतं, पण सुकडी आठवत होती. पिंपरी कॅम्पात माहेर असलेली एक सिंधी आजी, फाळणीनंतर लहानपणी आईच्या बोटाला धरून आलेली. नातीनं मोबाइलवर नकाशा काढून तिला तिचं गाव दाखवलं, तर ती किती तरी वेळ काचेवर बोट ठेवून बसली होती. एका आईनं सांगितलं, “नवऱ्याची फर्स्ट शिफ्ट, दिराची सेकंड, भाड्यानं ठेवलेल्या दोन पोरांची थर्ड. तिन्ही शिफ्टचे डबे माझे.” वर्गात हे ऐकवल्यावर एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आईची चौथी शिफ्ट.” हे मी शिकवलेलं नव्हतं.

पाण्याच्या प्रश्नावरून तर वेगळीच वाट निघाली. रांगेतली भांडणं, रात्री दोनला येणारा नळ, हंड्यांचे नंबर. आता नळ घरात आलाय. मुलींनी विचारलं, “हे पाणी येतं कुठून?” पवना धरणातून. मग जुन्या बातम्या मोबाइलवर शोधल्या. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी द्रुतगती मार्ग रोखला, पोलिसांनी गोळीबार केला, तिघे जण गेले. त्यांत एक बाई होती. आमच्या आया रांगेत उभ्या राहत होत्या त्या पाण्यासाठी दुसरीकडची बाई रस्त्यावर उतरली होती. बाईची बाजू एकच असते असं आपण सहज म्हणून जातो. त्या दिवशी वर्गात कोणाची बाजू घ्यायची हे मला सांगता आलं नाही, आणि मी ते मुलींपुढे कबूल केलं.

दुसरा प्रयोग सातबाऱ्याचा. गावाचा सातबारा आता मोबाइलवर बघता येतो. स्थानिक मुलांना म्हटलं, घरून गट नंबर विचारून या. सातबारा उघडायचा आणि त्यावर बायकांची नावं किती ते मोजायचं, एवढाच अभ्यास. आधी मी चाकणची गोष्ट सांगितली. १९८० साली कांद्याच्या भावासाठी याच चाकणला शेतकऱ्यांचं आंदोलन झालं, शरद जोशी जवळच्या आंबेठाणला राहत होते. पुढे शेतकरी संघटनेनं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन घेतलं आणि नंतर ‘लक्ष्मीमुक्ती’त जमीन बायकोच्या नावावर करण्याचं आवाहन केलं. हे सगळं याच मातीतून उभं राहिलं. मग आपल्या गावच्या सातबाऱ्यावर लक्ष्मी किती?

काही उताऱ्यांवर आजोबांच्या पश्चात आत्यांची नावं लागलेली होती आणि पुढच्या फेरफारानं ती कमी झालेली होती. मुलांनी घरी विचारलं, “आत्याचं नाव का गेलं?” उत्तर आलं, “तिनं हक्कसोड दिली.” “का दिली?” “भावाशी वाईटपणा नको म्हणून.” मग कायदा सांगावा लागला. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा वाटा दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं तो साऱ्या देशात आला, आणि बाप २००५ मध्ये हयात असण्याची गरज नाही असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये दिला. मधल्या वर्षांत इथल्या जमिनींना सोन्याचा भाव आला. नेमक्या त्याच काळात किती बहिणींनी अंगठे उठवले आणि सह्या केल्या, ते आमच्या पोरांनी आपल्याच घरच्या कागदावर पाहिलं.

या प्रयोगानं शाळेत थोडी गडबड झाली. एक पालक आले. म्हणाले, “बाई, तुम्ही इतिहास शिकवा, घरं फोडू नका.” मी म्हटलं, “दादा, मी सातबाराच दाखवला. तो सरकारचा आहे.” ते गेले. पण ते ज्या भीतीनं आले होते ती खोटी नव्हती, हे मला लवकरच कळायचं होतं.

आता चूक सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं आईचं बोलणं रेकॉर्ड केलं. आई बोलता बोलता एका जुन्या संपाच्या दिवसांवर आली. पगार बंद होता, घरात दाणा नव्हता, हिनं मंगळसूत्र गहाण टाकून घर चालवलं आणि ते कळल्यावर नवऱ्यानं हिला मारलं. लेकीनं शांतपणे सगळं ऐकलं. मोबाइल गटातल्या एका मुलाचा होता. त्यानं काही वाईट हेतूनं नाही, पण ‘भारी आहे’ म्हणून ते रेकॉर्डिंग वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. तिथून गल्लीत गेलं. रात्री बापाच्या मोबाइलवर आलं.

पुढचं सांगायला नको. मुलगी चार दिवस शाळेत आली नाही. मी घरी गेले. आईच्या डोळ्याखाली काळं पडलं होतं. तिनं मला चहा केला. मी माफी मागितली. ती म्हणाली, “बाई, मी सांगितलं ते खरंच होतं. पण मी ते माझ्या पोरीला सांगितलं होतं, गल्लीला नाही.”

या वाक्यानंतर मला झोप आली नाही. आपण वर्षानुवर्षं म्हणतो, बाईनं बोललं पाहिजे, घरातलं दुःख बाहेर आलं पाहिजे. तिनं बोलायचं की नाही, कोणापुढे, किती, हे तिनं ठरवायचं, हे मात्र मी वर्गात शिकवलंच नव्हतं. रेकॉर्डिंगचं बटण कुठलं ते शिकवलं आणि जबाबदारी शिकवायची राहिली. त्या बाईला नंतर आपल्यातल्याच एका कार्यकर्तीची सोबत मिळाली. मुलगी शाळेत परत आली. पण ते माझ्या हुशारीनं झालं नाही, तुमच्यासारख्या बायकांमुळे झालं.

मी तेव्हा मोबाइल बंद करून टाकणार होते. मग आधी हे काम कोणी कसं केलं ते पुन्हा वाचलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली काढलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधत त्या घरोघर गेल्या. मुंबईत ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून बायकांच्या मुलाखती, छायाचित्रं, कागद जपते आहे. आणि आमच्या शेजारच्या मावळ-मुळशीच्या खेड्यांत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाहून अधिक. २०१७ पासून ‘परी’च्या संकेतस्थळावर त्या मोबाइलवरही ऐकता येतात. आम्ही त्या वर्गात ऐकल्या. या सगळ्यांकडे वही आणि टेपरेकॉर्डर होता. त्या बाईपाशी बसल्या, तिला वेळ दिला, तिचा विश्वास मिळेपर्यंत थांबल्या. आमच्याकडे यंत्र त्याहून चांगलं होतं आणि थांबणं नव्हतं.

मग वर्गानंच नियम केले. रेकॉर्डिंगआधी विचारायचं आणि नंतर तिला सगळं ऐकवून पुन्हा विचारायचं. ती म्हणेल तेवढं पुसायचं, का ते विचारायचं नाही. रेकॉर्डिंग करताना मोबाइलचं इंटरनेट बंद. ग्रुपवर काहीही टाकायचं नाही. बोलणं एका मेमरी कार्डात घेऊन मोबाइलवरून काढून टाकायचं, कार्ड शाळेच्या कपाटात. नाव लावायचं की नाही, आणि लावलं तर माहेरचं की सासरचं, हे तिनं ठरवायचं. ज्या मुलीला घरात विचारणं धोक्याचं वाटतं तिनं दुसऱ्या विषयावर काम करायचं, कारण सांगायची गरज नाही. हे नियम मुलांनीही सह्या करून मान्य केले. ज्यानं रेकॉर्डिंग पुढे पाठवलं होतं त्यानंच ते कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिले.

मोबाइलवर आणखी एक इतिहास येतो, तो म्हणजे ग्रुपवर फिरणारा. चाकणच्या संग्रामदुर्गाला १६६० मध्ये शाइस्तेखानाचा वेढा पडला आणि फिरंगोजी नरसाळ्यानं तो किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला, हे आमच्या पोरांच्या अभिमानाचं आहे आणि असावं. पण त्याच्या आडून शेजारच्या मुसलमान मुलीला टोचणारे मजकूर येतात. असा मजकूर आला की आम्ही तीन प्रश्न विचारतो. कोणी लिहिलं? साधन काय? हे पसरवून कोणाचा फायदा? परवा एका मुलीनं आपल्या काकाला ग्रुपवर विचारलं, “काका, याला साधन काय?” काकानं तिला ग्रुपमधून काढलं. ती मला हसत हसत सांगत होती.

लोक मला म्हणतात, मोबाइलनं पोरी बिघडतात, तुम्ही आणखी हातात देता. युनेस्कोनं २०२३ च्या शिक्षण अहवालात तंत्रज्ञान कोणाच्या अटींवर, असा प्रश्न मथळ्यातच विचारला आणि शाळेतल्या मोबाइलबद्दल सावध राहायला सांगितलं. तो प्रश्न मला मान्य आहे. मुलांचं लक्ष उडतं, डोळे जातात, नको ते बघतात, हे मी रोज पाहते. म्हणून आमच्याकडे आठवड्यात एकच तास मोबाइलचा, बाकी वेळ ते कपाटात. पण बंदी घातली जाते तेव्हा ती कोणावर पडते तेही पाहा. मुलाच्या हातून मोबाइल काढला तर चार दिवसांनी परत मिळतो. मुलीच्या हातून काढला की कित्येकदा त्यापाठोपाठ शाळा सुटते आणि स्थळं बघायला सुरुवात होते. ‘माझा होता, आता नाही’ असं लिहिणाऱ्या मुलीचं तेच चाललं होतं. तिच्या आईशी बोलून आम्ही निदान दहावीपर्यंत थांबवलं. पुढचं मी सांगू शकत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या संघटनांत पन्नाशी-साठीच्या बाया आहेत. मोर्चे काढलेल्या, संपात उभ्या राहिलेल्या, पाण्यासाठी वॉर्ड ऑफिसात हंडे फोडलेल्या. त्यांना आमच्या वर्गात पाठवा. त्यांच्या पेट्यांत जुनी पत्रकं, पावत्या, फोटो असतील, ते मुलींना बघू द्या. आणि मुलीनं आणलेल्या बोलण्यातून मारहाणीसारखं काही निघालं तर शिक्षिकेला रात्री फोन करता येईल अशी एक तरी बाई प्रत्येक वस्तीत असू द्या. त्याशिवाय हा प्रयोग कुठल्याही शिक्षिकेनं करू नये, असं मी अनुभवानं सांगते.

आज आमच्या कपाटातल्या त्या कार्डात एकतीस बायकांचे आवाज आहेत. बत्तिसावा त्या आईचा होता. तो तिच्या सांगण्यावरून पुसला. गेल्या महिन्यात ती शाळेत आली, बाकावर बसली आणि म्हणाली, “बाई, आता पुन्हा सांगते. पण ह्या वेळी मोबाइल माझ्या हातात राहू द्या.”

आम्ही तसंच केलं.